रिपोर्ट निगेटिव्ह, पण पोर वाळत चाललीय

प्रश्न : मॅडम, माझी नात तीन वर्षांची आहे. लेक गेली, जावई तिच्या आधीच गेला. पोर माझ्याजवळ असते. तिला एचआयव्ही आहे, गेल्या वर्षापासून एआरटीचं औषध चालू आहे. दिवाळीपासून वजन साडेदहा किलोवर अडलंय, संध्याकाळी कणकण येते, खोकला जात नाही. हातावर टीबीची सुई टोचली, ती निगेटिव्ह आली. थुंकी तिला काढता येत नाही. छातीच्या फोटोत गाठीसारखं काही दिसतंय म्हणतात. एक डॉक्टर म्हणतात, टीबीची औषधं लगेच सुरू करा. दुसरे म्हणतात, सिद्ध झाल्याशिवाय एवढ्याशा लेकराला सहा महिन्यांचा कोर्स नको. दिवाळीत माझा धाकटा भिवंडीहून येऊन महिनाभर राहिला. त्याचाच खोकला लागला असेल म्हणून आल्याचा काढा दिला, गुण नाही. कुणाचं ऐकू? अंगणवाडीत काय सांगू?
– एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : आजी, तुम्ही जाता जाता लिहिलेलं धाकट्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. मला त्या छातीच्या फोटोइतकंच ते महत्त्वाचं वाटतं. त्याचा खोकला अजून आहे का? रात्री घाम येतो का, तो बारीक झालाय का? त्याला याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवा. एवढ्या लहान मुलांना टीबी बहुतेक वेळा घरातल्या किंवा रोजच्या येण्याजाण्यातल्या मोठ्या माणसाकडूनच होतो. त्याला टीबी निघाला तर नातीचं निदान जवळजवळ तिथेच होतं. शिवाय त्याच्या जंतूंवर कोणती औषधं चालतात हे कळलं, की तिला कोणती द्यायची तेही ठरवता येतं. यात त्याला दोष देऊ नका, त्याने मुद्दाम काही केलेलं नाही.

आता त्या सुईबद्दल. मंटू टेस्टमध्ये जंतू दिसत नाहीत, जंतूंना शरीर कसं उत्तर देतं ते दिसतं. एचआयव्हीने आणि कुपोषणाने ते उत्तरच क्षीण होतं. म्हणून निगेटिव्ह मंटूवरून ‘टीबी नाही’ असं म्हणता येत नाही. आणि एक करा : कागदावर किती मिलिमीटर लिहिलंय ते बघा. इतर मुलांत १० मिलिमीटरला पॉझिटिव्ह धरतात, एचआयव्ही असलेल्या मुलात ५ ला. सहा-सात लिहिलं असेल आणि कुणी सवयीने ‘निगेटिव्ह’ म्हटलं असेल, तर तो रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे.

थुंकीचं म्हणाल तर तीन वर्षांचं मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. म्हणून तो पोटातून घेतात. पहाटे, उपाशीपोटी, मूल उठून हिंडायच्या आत नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढतात. त्यासाठी बहुधा आदल्या रात्री भरती व्हावं लागतं. तो त्रास नको असेल तर शौचाचा नमुनाही टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्रावर तपासता येतो, जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आहे. सिव्हिलमध्ये विचारा. मात्र लहान मुलांच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात. मोठ्यांच्या फुप्फुसात पोकळ्या होऊन जंतूंचा साठा होतो, मुलांत आजार बहुधा छातीतल्या गाठींत दडून राहतो. त्यामुळे खरोखर टीबी असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत कुठल्याच नमुन्यात जंतू सापडत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी एकदा चुकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वॉर्डात दोन वर्षांचा मुलगा होता, एचआयव्ही असलेला, असाच वाळत चाललेला. पोटातल्या पाण्यात काही सापडलं नाही. मी कल्चरची, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीची, वाट पाहत थांबले. कल्चरला सहा-आठ आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात त्याला झटके आले, टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. त्याची आई रोज मला विचारायची, ‘रिपोर्ट आला का?’

म्हणून मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. नमुने घ्या, पण त्यांच्या उत्तरासाठी औषध अडवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांसाठी लक्षणं आणि फोटोतल्या खुणांना गुण देऊन निर्णय घ्यायची पद्धत आहे. एचआयव्ही असलेल्या मुलात थांबून पाहण्यात वेळ घालवू नये, असं त्यात सुचवलंय. दुसऱ्या डॉक्टरांची शंकाही वायफळ नाही. एचआयव्ही असलेल्या मुलांच्या फुप्फुसात टीबीसारखे दिसणारे दुसरे आजार होतात, म्हणून छातीचा फोटो बालरोगतज्ज्ञाला दाखवाच.

पण एआरटी सेंटरला न सांगता टीबीची पहिली गोळी देऊ नका. टीबीचं रिफाम्पिसिन एचआयव्हीच्या काही औषधांची ताकद कमी करतं. त्यांतलं डोल्युटेग्राविर चालू असेल तर ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं. मुलांच्या टीबीच्या गोळ्या पाण्यात विरघळतात आणि सरकारी केंद्रात फुकट मिळतात. लघवी केशरी झाली तर घाबरू नका. दर महिन्याला वजन त्याच एका काट्यावर करा आणि वहीत तारीख घालून लिहा. औषध लागू पडतंय का हे मला त्या वहीवरून सर्वांत आधी कळेल.

झोप जास्त, सारख्या उलट्या, मान ताठ, झटके किंवा धाप, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी सिव्हिल गाठा.

अंगणवाडीत एचआयव्हीबद्दल सांगायची गरज नाही. २०१७ च्या कायद्याने ती गोष्ट गुप्त ठेवायचा हक्क तिला दिला आहे. ‘पोरीला बरं नाही, औषध चालू आहे’ एवढं पुरे. एवढ्या लहान मुलांकडून टीबी सहसा पसरतही नाही. वहीत आजची तारीख आणि साडेदहा किलो एवढं लिहून ठेवा, आणि मंटूचे मिलिमीटर किती निघाले ते मला कळवा.