कॅम बदललास, आता कन्व्हर्टर निवडताना
मित्रा, एलएस1 (शेवरलेचं व्ही8 इंजिन) कॅमॅरोत मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलास, छान. पण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी तेलामार्फत जोडणारा भाग) घेण्याआधी कॅम कार्ड (कॅमचे आकडे असलेला कागद) समोर ठेव. इंजिनाची ताकद 2,500 आरपीएमनंतर सुरू होत असेल आणि कन्व्हर्टर कंपनीचाच, 2,000 च्या खाली स्टॉल होणारा (स्टॉल म्हणजे ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन जास्तीत जास्त जिथवर चढतं तो आरपीएम) असेल, तर सिग्नलवर गाडी थरथरते, ब्रेक दाबलेला असूनही पुढे रेटते. माझीही तशीच करायची.

"3,000 स्टॉल" हा छापील आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे वर स्टॉल होतो, कमी टॉर्कच्या मागे खाली. म्हणून गाडीचं वजन, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, टायरची उंची, टर्बो किंवा नायट्रस, सगळं बनवणाऱ्याला खरं खरं सांग. हॉर्सपॉवर फुगवून सांगितलीस तर स्टॉल हवा त्यापेक्षा खाली लागेल.

रोज हीच गाडी नेणार असशील तर लॉकअप (कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जोडणारा क्लच) सोडू नकोस. हायवेवर कन्व्हर्टरची स्लिप (घसरण) थांबते, तेल कमी तापतं.

आणि गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा वेगळा ट्रान्समिशन कूलर आजच घे. मी तो पुढे ढकलला. एके दिवशी डिपस्टिक काढली तर तेल काळपट तपकिरी, जळका वास. अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागला.