मंगळावर 1976 मध्येच जीव सापडला होता का?

तुमचा प्रश्न असा आहे: एका अभियंत्याने 1976 मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या व्हायकिंग यानांवरच्या प्रयोगातून तिथले सूक्ष्मजीव शोधले, पण नासाने ते मानले नाही, हे खरं का?

माझ्या मते जीव सिद्ध झाला नाही. पण तो प्रयोग फसला होता, असंही नाही.

मी पाण्याचे नमुने तपासण्याचं काम करतो, त्यामुळे तो अभियंता, गिल्बर्ट लेव्हिन, मला फार जवळचा वाटतो. ते सार्वजनिक आरोग्य खात्यांत काम केलेले सॅनिटरी इंजिनिअर. पाण्यात जीवाणू आहेत का, हे कळायला नमुना उबवत ठेवावा लागतो. त्यात दिवस जातात आणि तोवर लोक तेच पाणी पीत असतात. लेव्हिन यांनी तोड काढली ती अशी: जीवाणूंच्या खाद्यातच किरणोत्सारी कार्बन-14 घालायचा. जीवाणूंनी ते खाल्लं की त्यांनी सोडलेल्या वायूतही तोच कार्बन येतो आणि मोजणीयंत्राला तो लगेच कळतो. वाढ डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायला नको.

हीच युक्ती त्यांनी आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया स्ट्रॅट यांनी मंगळावर नेली. अर्धा घनसेंटिमीटर माती, तिच्यावर पोषक द्रावाचा थेंबभर शिडकावा. व्हायकिंगच्या दोन्ही यानांवर, म्हणजे एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर, वायू भराभर बाहेर पडला. मग त्याच मातीचा दुसरा भाग, जीव असतील तर मरावेत म्हणून, 160 अंशांवर तीन तास तापवून त्यावर द्राव घातला, तर जवळजवळ काहीच नाही. सुमारे 50 अंशांवर तापवलेल्या मातीत प्रतिसाद निम्म्याहून खाली आला. काही महिने अंधारात ठेवलेली माती तर जवळपास गप्पच राहिली. असे आकडे माझ्या टेबलावर आले असते, तर मी नमुना जीवाणूंनी दूषित ठरवला असता.

मग अडलं कुठे? त्याच यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थच सापडेनात. शरीरच नाही तर जीव कुठला, असा तो आक्षेप. तो पुढे बराच सैल झाला. 2008 मध्ये मंगळावरच्या फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेला एक क्षार, सापडलं. ते तापलं की सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं, आणि ते उपकरण माती तापवूनच तपासत होतं. नंतर मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी या गाडीला सेंद्रिय रेणू मिळालेही. पण परक्लोरेट लेव्हिन यांच्या विरुद्धही बोलतं. त्यावर किरणोत्सार पडला की अशी संयुगं तयार होतात, जी जीव नसतानाही खाद्याचं विघटन करून वायू सोडतात.

मला स्वतःला अडवते ती त्याच मातीला दिलेली द्रावाची दुसरी मात्रा. जिवंत जीवाणूंना आणखी खाद्य दिलं की वायू वाढतो. इथे उलट झालं, होता त्यातला काही वायू ओली माती शोषून बसली. तोवर जीव मेले असतील, असं लेव्हिन यांचं उत्तर. शक्य आहे, पण ते पुरेसं नाही.

लेव्हिन 2021 मध्ये गेले, तोपर्यंत आपल्या निष्कर्षावर ठाम होते. त्यांनी सुचवलेली पुढची चाचणी मात्र मला बिनतोड वाटते. काही रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन रूपांत असतात. रसायनाला दोन्ही सारखेच, जीव मात्र निवडून खातो. व्हायकिंगच्या द्रावात दोन्ही रूपं एकत्रच मिसळलेली होती. ती वेगवेगळ्या कुप्यांतून देऊन बघायचं, एवढंच. ती चाचणी मंगळावर आजवर झालेली नाही.