गंधाराची रिकामी जागा

प्रिय गीतकार,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी वाचला. अकरा उद्गारचिन्हं मोजली. तक्रार एकच होती, "काका, हे सगळं मला आधी कुणी का नाही सांगितलं?" नाही सांगितलं तेच बरं झालं. कुणीतरी हातात दिलेलं गाणं वेगळं आणि स्वतःला सापडलेलं वेगळं. लेड झेपेलिन, ब्लॅक सबाथ, पिंक फ्लॉइड हे जुने रॉक बँड, शिवाय गायिका-गीतकार जोनी मिचेल, एवढं सगळं दोन महिन्यांत अंगावर घेऊन तू अजून जागेवर आहेस याचंच मला कौतुक आहे. आमच्या वेळी एक कॅसेट मिळाली की ती दोन-दोन महिने पुरवायची, मागे-पुढे करून करून टेप घासून जायची. तुझ्यासमोर सगळंच उघडं पडलंय. हेवा वाटतो. थोडी काळजीही वाटते.

तुझं गाणं सात वेळा ऐकलं. पहिल्या कडव्यात वादळाचे पंख आहेत, आगीचा समुद्र आहे, आणि गिटारवर इतकं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) आहे की समुद्र कुठे संपतो आणि पंख कुठे सुरू होतात ते कळत नाही. मग दुसऱ्या कडव्यात अचानक ही ओळ येते:

"गजर बंद केला, तोवर स्वप्नाचं दार लागलं होतं."

इथे मी थांबलो. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तोपर्यंत मी कुणाचं तरी ऐकत होतो, इथे तू खोलीत आलीस. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे असं समज, मध्ये कितीही भरकटलो तरी.

तू विचारलंयस की सबाथसारखा जड आवाज कसा काढायचा. आवाज बदलणारं पेडल कुठलं, सेटिंग काय. पण तो आवाज मुळात निघाला कसा, ते ऐक. सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबण्याचा. हॉस्पिटलमधून आल्यावर त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली. त्या टोपणांना तारेचा स्पर्श कळत नव्हता आणि जाड तारा दाबताना त्रास होई, म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे ताराही सैल केल्या, सूर खाली उतरला. आज जगभरातले बँड हौसेने तारा उतरवतात. त्याने उतरवल्या त्या बोटं दुखत होती म्हणून.

जोनी मिचेलचंही तसंच. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, धरणं जड जाई. मग तिने गिटारच वेगळी लावायला सुरुवात केली, पन्नासाहून जास्त प्रकारांनी. लोक म्हणतात, काय विलक्षण हार्मनी! असेलच. पण सुरुवात हाताच्या सोयीपासून झाली.

म्हणून आवाज उचलायला जाऊ नकोस. उचलायचाच असेल तर त्यामागचा निर्णय उचल. झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' तू पाठ केलंयस, पण त्यात ड्रम केव्हा येतात ते कधी घड्याळ लावून पाहिलंस? आठ मिनिटांच्या गाण्यात चार मिनिटं उलटून जातात, आणि जॉन बॉनमसारखा ड्रमर, ज्याच्या एका ठोक्याने भिंत हलावी, तो नुसता बसून असतो. मग तो येतो तेव्हा काय होतं ते तुला माहीतच आहे. तुझ्या गाण्यात ड्रम चौथ्या सेकंदाला येतात आणि शेवटपर्यंत हलत नाहीत. (वीस-वीस मिनिटांचे ड्रम सोलो मात्र मला कधीच झेपले नाहीत. बॉनमचेही. हे कुणाला सांगू नकोस.)

आता थोडं सुरांचं. तू पॉवर कॉर्ड वाजवतेस. पॉवर कॉर्ड म्हणजे दुसरं काही नाही, षड्ज आणि पंचम. त्यात गंधार नसतो. गंधार शुद्ध की कोमल यावर कॉर्ड मेजर की मायनर ते ठरतं, आणि तोच गाळल्यामुळे पॉवर कॉर्ड हसतही नाही, रडतही नाही. गाळतात का? डिस्टॉर्शन लावलं की दोन सुरांच्या बेरीज-वजाबाकीतून आणखी सूर जन्माला येतात. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. तिनातून दोन गेले, राहिला एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. वरचे दोन सूर आपल्या पायाखाली आपणच खर्ज घालतात, म्हणून ते इतकं भारदस्त वाजतं. त्यात गंधार घातलास की गर्दी होते, सगळं गढूळ.

पण गाण्यातून गंधार गेला नाही. गिटारने फक्त ती जागा रिकामी ठेवली. ती गाणाऱ्याने भरायची.

तुझ्या पहिल्या कडव्यात गिटार सा-प धरून आहे आणि गळाही सा आणि प यांच्यावरच उड्या मारतो. म्हणून ते मोठं वाटतं, पण कशाबद्दल ते कळत नाही. आणि दुसऱ्या कडव्यात 'स्वप्नाचं' म्हणताना तुझा आवाज कोमल गंधारावर टेकतो. तुला बहुधा ठाऊकही नसेल. शब्द खरा होता, गळा आपोआप तिथे गेला. गिटार घेऊन तपासून बघ.

शब्दांचं एक दुखणं इंग्रजी गाणी ऐकून ऐकून सगळ्यांनाच लागतं. इंग्रजीत एका ठोक्यात संपणारे शब्द पोत्याने आहेत, त्यामुळे ते कुठल्याही रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, खिळ्यासारखे बसतात. आपल्याकडे प्रत्यय चिकटला की शब्द लांबत जातो. 'आठवणींमधून' हा शब्द तू चार ठोक्यांच्या रिफवर कोंबलायस आणि तो गर्दीच्या गाडीत लटकल्यासारखा लटकतोय. एकतर शब्द बदल किंवा रिफ लांबव. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ. 'दिन' ताणलास तर 'दीन' ऐकू येतो आणि बिचारा दिवस गरीब होतो. वरचा लांब सूर शक्यतो आ, ए, ओ यांच्यावर येऊ दे, तिथे तोंड उघडतं. 'गजर' मात्र सुरेख बसलाय: तीन अक्षरं, सगळी तोकडी, घड्याळासारखी.

ऐकायचं कसं, हेही विचारलं होतंस. आठवडाभर एकच गाणं. काळजी म्हणालो ती याचीच: पहिलं पचायच्या आत तुझ्यापुढे दहावं वाढलेलं असतं. पिंक फ्लॉइडचं 'मनी' घे. सात मात्रांचं आहे. रूपक ताल कानावर असेल तर ते वाकडं वाटणार नाही, उलट घरचं वाटेल. सॅक्सोफोनही त्या सातांतच वाजतो. आणि गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं गुपचूप चार मात्रांवर जातं. तो क्षण बोटावर मात्रा मोजून पकड. मोजल्याशिवाय नुसतं 'काहीतरी सुटल्यासारखं' वाटतं, मोजल्यावर काय सुटलं ते कळतं. मग सोलो संपल्यावर गाणं परत सातांवर येतं ते शोध.

दुसरी सवय मागे जाण्याची. झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' तुला त्या ड्रमसाठी आवडतं. ते ड्रम एका जुन्या मोठ्या घराच्या जिन्याखाली मांडले होते आणि माइक वर, जिन्यातून लटकवले होते. तो भव्य आवाज जिन्याचा आहे. पण गाणं त्यांचं नाही. १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी ते केलं, दोन वर्षांपूर्वीच्या मिसिसिपीच्या महापुरावर. दोन गिटार, एक गळा, बस्स. मूळ ऐकलंस की तुला कळेल की झेपेलिनने काय ठेवलं आणि काय वाढवलं. गीतकाराला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आता माझी फजिती. तेविसाव्या वर्षी मी एक चाल बांधली. तीन आठवडे हवेत होतो. मित्रांना ऐकवली, एका कार्यक्रमात गायली. कार्यक्रमानंतर एक वयस्क बाई जवळ आल्या आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही ते जुनं गाणं किती छान वेगळ्या शब्दांत गायलात." घरी येऊन ते जुनं गाणं शोधलं. सूर न् सूर तेच. लहानपणी कुठेतरी कानावर पडलं असणार आणि आत बसून राहिलं असणार.

यात मी एकटा नाही. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं 'माय स्वीट लॉर्ड' १९७० चं. १९६३ मध्ये गाजलेल्या 'ही'ज सो फाइन' या गाण्याशी ते इतकं जुळलं की प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की चाल घेतली गेली आहे, पण नकळत. त्याच बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे'ची चाल झोपेत सुचली होती. ती त्याला इतकी तयार वाटली की हे कुणाचंतरी असणार या भीतीने तो कित्येक आठवडे भेटेल त्याला वाजवून विचारत सुटला, ओळखता का? कुणीच ओळखेना, तेव्हा त्याने ती आपली म्हटली. तोवर शब्दांच्या जागी तो अंड्यांच्या भुर्जीबद्दल काहीतरी बडबडत असे. म्हणजे शब्द सुचेपर्यंत चाल अडवून ठेवायची गरज नाही, काहीही बडबड. पण चाल फार सहज आली तर चार जुन्या कानांना आधी ऐकव. एक कान माझा धर.

नवं ऐकू नको असं सांगणारे तुला भेटतील. १९७९ नंतर रॉक संपलं असं गंभीर चेहऱ्याने म्हणतील. माझ्याच पिढीचे असतील, हात जोडून पुढे जा. किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या ऑस्ट्रेलियन बँडने २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले. त्यातल्या एकासाठी त्यांनी गिटारींच्या दांड्यावर जादा पडदे (फ्रेट) बसवून घेतले, नेहमीच्या दोन सुरांच्या मधला सूर लागावा म्हणून. फॉन्टेन्स डी.सी. या आयरिश बँडचा गायक डब्लिनचा उच्चार लपवत नाही, उलट त्याच्यावरच गाणं उभं करतो. आणि गायिका कोर्टनी बार्नेटचं 'अवांत गार्डनर' आधी ऐक: उकाड्यात बागेतलं तण उपटताना श्वास कोंडतो, अँब्युलन्स येते, एवढीच गोष्ट, बोलल्यासारखी गायलेली. त्यात वादळाला पंख नाहीत. तुझ्या गजराची ती सख्खी बहीण आहे.

माइक कुठला घेऊ, या प्रश्नाचं उत्तर: इतक्यात कुठलाच नको. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये घरच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी नुसती नोंदवून ठेवली, बँडला ऐकवायला. ती कॅसेट तो डबीशिवायच खिशात घालून हिंडायचा. मग स्टुडिओत पूर्ण बँडसह तीच गाणी करून पाहिली, आणि काहीतरी निसटतंय असं वाटत राहिलं. शेवटी ती खिशातली कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने बाहेर आली. तुझा फोन त्या यंत्रापेक्षा वाईट नाही. फक्त तो पंख्याखाली ठेवू नकोस, तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारपेक्षा पंखा जास्त तालात आहे.

पुढचं गाणं पाठवशील तेव्हा अर्धवट असलं तरी चालेल, पण डिस्टॉर्शन काढून पाठव. नुसत्या तारा आणि गळा.

तुझा,
काका

ता. क. गजराच्या ओळीनंतर तू लगेच सोलो टाकलायस. चांगला आहे, मेहनत दिसते, तरी एकदा तो काढून बघ. दार लागलं, तू बाहेर राहिलीस, सकाळ झालेली आहे. मग तू काय केलंस? ती ओळ अजून लिहायची राहिलीय.