गादी क्योटोची, सत्ता छावणीची

जपानमधील सरंजामशाहीसंबंधी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून वाचकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : सम्राट गादीवर असताना जपानमध्ये शेकडो वर्षे शोगुनांनी राज्य केले. मग त्यांनी सम्राटाला दूर सारून स्वतःच गादी का घेतली नाही? हा प्रकार साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांच्यासारखा समजावा काय? (सातारा)

ही तुलना मनात येणे स्वाभाविक आहे आणि काही अंतरापर्यंत ती चालतेही. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रातील लढाईत प्रतिस्पर्धी ताइरा घराण्याचा नाश झाल्यावर मिनामोतो नो योरितोमो याने राजधानी क्योटोत न जाता दूर पूर्वेला कामाकुरा येथेच आपला कारभार मांडला, आणि ११९२ मध्ये दरबाराकडून ‘सेइ-इ ताइशोगुन’, म्हणजे रानटी टोळ्यांचे पारिपत्य करणारा महासेनापती, हे पद मिळवले. त्याच्या सरकारला पुढे ‘बाकुफु’ असे नाव पडले. त्याचा शब्दशः अर्थ कनातीआडचे, म्हणजेच छावणीतले, सरकार असा आहे. पेशवाईची वस्त्रे जशी साताऱ्याहून यावी लागत, तशी शोगुनपदाची सनदही क्योटोहूनच यावी लागे. सनद देणारी गादीच मोडून टाकली, तर आपण इतर लढवय्या घराण्यांहून श्रेष्ठ का, या प्रश्नाला तलवारीखेरीज दुसरे उत्तर शोगुनापाशी उरले नसते. तलवारी तर सर्वांपाशीच होत्या.

मात्र साम्य येथे संपते. पेशवा हा मुळात राज्याचा प्रधान होता आणि त्याची सत्ता राज्याच्या आतून वाढली. शोगुन हा दरबाराबाहेर उभा राहिलेला सेनानायक होता, आणि त्याचे सरदार सम्राटाशी नव्हे तर थेट त्याच्याशी निष्ठेने बांधलेले होते. शिवाय सम्राटाचे घराणे सूर्यदेवता अमातेरासूचे वंशज मानले जात असल्यामुळे ती जागा पराक्रमाने मिळवण्याची नव्हतीच.

खरी गंमत पुढे आहे. ११९९ मध्ये योरितोमो वारल्यानंतर त्याच्या सासुरवाडीच्या होजो घराण्याने सूत्रे हाती घेतली आणि योरितोमोचा वंश खुंटल्यावर क्योटोहून एक लहान मूल आणून त्याला शोगुन केले. म्हणजे सम्राटाच्या नावाने शोगुन आणि शोगुनाच्या नावाने होजो, अशी उतरंड तयार झाली. सवाई माधवरावांच्या बालपणी छत्रपती साताऱ्यात, पेशवे पाळण्यात आणि कारभार बारभाईंकडे होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात फारसे नवल वाटू नये. १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा याने ही उतरंड मोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कामाकुराच्या फौजेने त्याचा पराभव करून त्याला ओकी बेटावर हद्दपार केले. पण विजेत्यांनी गादी मोडली नाही, तिच्यावर त्याच घराण्यातील दुसरा पुरुष बसवला.

गादी टिकली म्हणजे ती सुखात होती, असे मात्र नाही. १४६७ ते १४७७ या काळातील ओनिन युद्धात, म्हणजे सरदारांच्या आपसातील यादवीत, क्योटो बेचिराख झाले आणि दरबाराला इतके दारिद्र्य आले, की १५०० मध्ये गादीवर आलेल्या गो-काशिवाबारा याच्या राज्यारोहणाचा समारंभ पैशाअभावी वीसहून अधिक वर्षे लांबला. १६०३ मध्ये शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूच्या घराण्याने दरबाराची ददात मिटवली, पण १६१५ मध्ये एक नियमावली काढून सम्राटाने प्रामुख्याने विद्याभ्यासात लक्ष घालावे, असेही बजावले.

प्रश्न : तोकुगावा काळात अडीच शतके मोठे युद्ध झाले नाही, असे वाचले. मग सामुराई करत काय होते, आणि त्यांना पगार कोण देत असे? (ठाणे)

ते बहुतांशी कारकुनी करत होते. हे उत्तर चित्रपट पाहून सामुराईंवर प्रेम जडलेल्या वाचकांना रुचणार नाही, पण ते खरे आहे. ‘सामुराई’ हा शब्दच सेवेत हजर राहणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. आपल्याकडील ‘हुजुरात’ या शब्दाशी त्याचे अर्थाने नाते लागते.

त्याआधीच्या यादवीच्या काळात गावातला शेतकरी भाला घेऊन लढायला जाई आणि परत येऊन नांगर धरी. ही यादवी मिटवून देश एका सत्तेखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला, देशभर जमिनीची मोजणी करवली आणि १५९१ मध्ये लढवय्यांनी शेतकरी किंवा व्यापारी होण्यास मनाई केली. तेव्हापासून सामुराई हळूहळू जमिनीवरून उठला आणि धन्याच्या किल्ल्याभोवती वसलेल्या शहरात राहू लागला. त्याला बहुधा जमीन नव्हे, तर तांदूळ मिळू लागला.

या व्यवस्थेचे माप ‘कोकू’ हे होते. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचा वर्षाचा शिधा. ज्याच्या मुलखाचे उत्पन्न १०,००० कोकू किंवा अधिक ठरवले जाई, तो ‘दाइम्यो’. असे सरदार २६०च्या आसपास होते. कागाच्या माएदा घराण्याकडे दहा लाख कोकूंहून अधिक उत्पन्नाचा मुलूख होता, तर अनेकांची मजल १०,००० कोकूंच्या थोडीच पुढे जाई. खुद्द सम्राटाच्या घराण्याला अठराव्या शतकात सुमारे ३०,००० कोकूंची नेमणूक होती, म्हणजे एखाद्या बेताच्या दाइम्योइतकी. एवढ्या एका आकड्यावरून सत्ता कोठे होती, हे ध्यानात यावे.

या सरदारांना वेसण घालण्यासाठी १६३५ मध्ये ‘सान्किन कोताइ’ हा नियम सक्तीचा झाला. दाइम्योने साधारणपणे एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष शोगुनाच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, राहायचे, आणि बायको व वारस मात्र कायम एदोतच ठेवायचे, असा तो नियम होता. ते नावाने पाहुणे असले तरी वस्तुतः ओलीस होते. हाकोनेच्या घाटातील चौकीवर पहारेकऱ्यांना दोनच गोष्टींची विशेष धास्ती असे : एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया. बंदुका आत आल्या तर बंड होणार आणि बायका बाहेर गेल्या तर ओलीस निसटले, असा सरळ हिशेब होता. शेकडो माणसांचा लवाजमा घेऊन या फेऱ्या करण्यात आणि एदोतले वाडे सांभाळण्यात दाइम्योंच्या उत्पन्नाचा मोठा भाग खर्ची पडे, आणि बंडासाठी लागणारा पैसा वाटेवरच्या खानावळींत जिरे.

लहान सामुराईची अडचण वेगळी होती. पगार तांदळात आणि बाजार नाण्यांत, त्यामुळे तांदूळ विकल्याशिवाय चूल पेटत नसे. एदोत कुरामाए येथे शोगुनाची कोठारे होती. तेथून वर्षातून तीनदा वाटप होई आणि तो तांदूळ विकून देणारे दलालच पुढच्या पगारावर कर्जही देत. व्यापाऱ्याचे स्थान समाजाच्या अधिकृत कल्पनेत सर्वांत खाली होते, पण दोन तलवारी लावलेला सामुराई त्याच्या दाराशी तिष्ठत उभा असे. १७८९ मध्ये सरकारने पाच वर्षांहून जुनी कर्जे रद्द केली, तेव्हा दलालांनी नवे कर्ज देण्यातच हात आखडता घेतला आणि सामुराई पुन्हा अडचणीत आला.

प्रश्न : सर्व सामुराई झेन पंथाचे होते काय? (कोल्हापूर)

नव्हते. ‘झेन’ हे आपल्या ‘ध्यान’ शब्दाचेच चीनमार्गे गेलेले रूप आहे आणि होजो घराण्याने या पंथाला उदार आश्रय दिला, हे खरे. पण अमिदा बुद्धाचे नामस्मरण करून त्याच्या पवित्र भूमीत जन्म घेण्याची आशा बाळगणारा जोदो पंथही योद्ध्यांना तितकाच जवळचा होता, कारण ज्याच्या हातून हत्या घडते त्यालाही तेथे मज्जाव नव्हता. इएयासूच्या निशाणावर याच पवित्र भूमीच्या ओढीचे शब्द होते. लढाईपूर्वी युद्धदेव हाचिमानची प्रार्थना होई, आणि मारिशितेन या नावाने आपल्याकडची बौद्ध देवता मरीचीही पुजली जाई. इएयासू वारल्यावर निक्को येथे त्याचे देऊळ झाले. त्याचे देवपणाचे नावसुद्धा क्योटोच्या दरबाराकडूनच घ्यावे लागले.

प्रश्न : आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये मारले गेले, ते कशामुळे? (वसई)

या कथेची सुरुवात गोव्यात होते. अन्जिरो नावाच्या जपानी माणसाने १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्यासह फ्रान्सिस झेविअर १५४९ च्या ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरले. हे लोक बुद्धाच्या देशाकडून आलेले असल्यामुळे अनेक जपान्यांना प्रथम ते बौद्धांचाच एखादा नवा पंथ वाटले. यामागुची येथील सरदाराने १५५२ मध्ये दिलेल्या परवान्यातही त्यांचा उल्लेख बुद्धधर्माचा प्रसार करणारे असाच आहे.

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज, तर आई येथलीच होती. तरुणपणी जपानात राहून त्यांनी ती भाषा आत्मसात केली होती. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात सामील झाले आणि १५९३ मध्ये दुभाषे म्हणून जपानला परतले, तेव्हा खुद्द हिदेयोशीसमोर बोलण्याची कामगिरी त्यांच्यावर आली. हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण व्यापार हवा असल्यामुळे तो कडकपणे अमलात आणला नव्हता. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातील मालावरून वाद पेटला आणि धर्मप्रसारक हे परकीय फौजेचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला. आमच्या मते येथे श्रद्धेपेक्षा निष्ठेचा प्रश्न मोठा होता. ज्याचा अंतिम धनी समुद्रापलीकडे आहे, अशी प्रजा या व्यवस्थेत बसत नव्हती. क्योटोत पकडलेल्यांच्या कानाचा भाग कापून त्यांना भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवले. त्यांपैकी २० जण जपानी होते.

१६१४ मध्ये तोकुगावांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली आणि पुढे प्रत्येक कुटुंबाला आपण अमुक बौद्ध मंदिराचे आश्रित आहोत, असा दाखला घेणे भाग पडले. १८६२ मध्ये या २६ जणांना संतपद मिळाले. त्यांच्या नावाने नागासाकीत ओउरा येथे चर्च उभे राहिले आणि १८६५ च्या मार्चमध्ये जवळच्या उराकामी गावातले काही शेतकरी तेथील फ्रेंच धर्मगुरूंपाशी आले. दोन शतकांहून अधिक काळ मंदिराचे दाखले घेत आणि घरात गुपचूप प्रार्थना करत आलेल्या कुटुंबांतली ती माणसे होती.