तुमचा प्रश्न: घरच्या आणि ऑफिसच्या लिनक्सवर टर्मिनलच्या सेटिंग एकसारख्या कशा ठेवायच्या? शिवाय एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर नेटवर्कवरून लॉगिन करून) गेलं की एलियस (कमांडना आपण दिलेली छोटी नावं) गायब का होतात?

पेनड्राइव्हवरून बॅशआरसी (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या बॅश या शेलची सेटिंग फाइल) कॉपी करत बसू नका. जुळे सोलापूरचं घर आणि होटगी रोडचं ऑफिस यांच्यात मी वर्षभर हेच केलं. शेवटी कुठली फाइल ताजी, हेच कळेना.

होम डिरेक्टरीत 'डॉटफाइल्स' नावाचं फोल्डर करा. त्यात बॅश, व्हिम (टेक्स्ट एडिटर), गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) असे उपफोल्डर करून त्या-त्या फाइल आत हलवा. फोल्डरला गिट लावा. मग जीएनयू स्टो (असे दुवे लावून देणारं छोटं साधन) इन्स्टॉल करा आणि त्याच फोल्डरमधून 'स्टो बॅश' चालवा. होममध्ये सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा, तयार होते. खरी फाइल एकच राहते, दुसऱ्या मशीनवर गिटने फोल्डर क्लोन करून, म्हणजे त्याची प्रत उतरवून, फक्त स्टो चालवायचं. होममध्ये त्या नावाची जुनी फाइल असेल तर स्टो अडतो, ती आधी बाजूला काढा.

"एसएसएचने गेलो की एलियस गायब" असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण वेगळं आहे. एसएसएचने गेल्यावर सुरू होतो तो लॉगिन शेल, तो बॅश-प्रोफाइल ही फाइल वाचतो, बॅशआरसी आपणहून वाचत नाही. प्रोफाइलमध्ये बॅशआरसी सोर्स करणारी, म्हणजे ती वाचायला लावणारी, एक ओळ टाका, झालं.

फक्त ऑफिसपुरत्या गोष्टी, म्हणजे प्रॉक्सी वगैरे, वेगळ्या लोकल फाइलमध्ये ठेवा आणि ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाला. पासवर्ड, टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा गुप्त कोड), एसएसएचची खाजगी की रिपॉझिटरीत, म्हणजे गिट लावलेल्या फोल्डरात, अजिबात नको. मी एकदा टोकन पुश केलं होतं, म्हणजे गिटने सर्व्हरवर पाठवलं होतं. फाइल उडवली तरी ते हिस्टरीत राहतंच, त्यामुळे आधी टोकन रद्द करावं लागतं.

आणि कुणाची तीनशे ओळींची तयार बॅशआरसी उचलू नका. शेंगा चटणीसारखं आहे, तिखट आपापल्या जिभेला झेपेल तेवढंच.