साध्या सर्दी-तापाला आमचे डॉक्टर पाच-पाच गोळ्या का देतात?

पाचच? आमच्या काउंटरवर या, सात दाखवतो. तालुक्याच्या गावात अठरा वर्षं मेडिकल चालवतोय. चिठ्ठीवरचं नाव झाकलं तरी कुठल्या दवाखान्यातली ते ओळखतो. पॅरासिटॅमॉल, सेटिरिझिन, सेफिक्झिम हे अँटिबायोटिक, मग एवढ्या गोळ्यांनी पित्त होईल म्हणून पॅन्टोप्राझोल, आणि वरून कोथिंबिरीसारखं बी-कॉम्प्लेक्स. सर्दी व्हायरसची, तिथे सेफिक्झिमचा काडीचा उपयोग नाही, हे डॉक्टरला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी गुण आला नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाणार, हेही माहीत असतं. निदान चिठ्ठी असली की माग राहतो: सेफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कायद्यातल्या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहे, डॉक्टरचं नि पेशंटचं नाव लिहून ते रजिस्टर मला ३ वर्षं जपावं लागतं.

माझं खरं भांडण पुडीवाल्यांशी आहे. डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला दुकानाचं लायसन्स लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. मग काय, खाकी पाकीट, त्यावर सकाळ-दुपार-रात्र, आत सुट्या गोळ्या. नाव विचारलं की उत्तर, "गुडघ्याची आहे."

माझ्या आत्याने अशी पुडी वर्षभर खाल्ली. आठ दिवसांत जिना चढायला लागली. दादा गावभर सांगत सुटला, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. आत्याचा चेहरा गोल झाला, तर म्हणे अंग भरलं. साखर वाढली, तर म्हणे वय झालं. एकदा पाकिटात सुट्या गोळ्यांऐवजी कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा निघाला. त्यावर "मेथासोन" एवढीच अक्षरं उरली होती. त्याच्या आधीचं कापलेलं डेक्सा असो की बीटा, खानदान एकच. स्टेरॉईड.

मी पाकीट हिसकावलं आणि म्हटलं, आजपासून बंद.

चौथ्या दिवशी आत्या न्हाणीघरात कोसळली. उलट्या, बीपी पार खाली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेली, तिथल्या फिजिशियनने तेच औषध पुन्हा सुरू करून पाच महिने थेंबाथेंबाने कमी केलं. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. हे मी डी.फार्मला शिकलो होतो. रागात आठवलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक भाऊबीजेला दादाचं ठरलेलं वाक्य: "त्यांच्या गोळ्यांनी चालत होती, तुझ्या शहाणपणाने पडली."

तर तुम्ही एक करा, चिठ्ठी मागा. चिठ्ठी नाही तर गोळी नाही. डॉक्टर चिडले तर डॉक्टर बदला. हां, सगळेच तसे नसतात. आमच्याकडे एक म्हातारे डॉक्टर तापाला नुसतं पॅरासिटॅमॉल देऊन परत पाठवतात, त्यांच्याकडे गर्दी नसते. आणि पाच गोळ्यांतली एखादी खरंच लागत असेल, कानात पू किंवा न्यूमोनिया असेल, तर अँटिबायोटिक घ्यावंच लागतं. पुडी बरेच दिवस चालू असेल तर हे वाचून उद्या बंद करू नका, आधी चांगल्या फिजिशियनला दाखवा.

आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर "स्टेरॉईड अचानक बंद" असं लिहिलंय. दादा त्यातलं "अचानक बंद" वाचतो, मी "स्टेरॉईड" वाचतो. ते दिलं कोणी, हे कार्डावर कुठेच नाही. कुठून असणार, चिठ्ठीच नव्हती.