चार मालकांच्या गाड्या आणि एक ट्रान्सपोर्ट मॅनेजर: निपाणीहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं मी असं समजले. निपाणीत चुलत्यांच्या लॉऱ्या आहेत आणि परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, ड्रायव्हरांचा हिशेब सगळं तुम्हीच बघता. वहिनींना इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी मिळतेय आणि तुम्ही जोडीदाराच्या व्हिसावर येणार आहात. कोल्हापूरच्या एका एजंटाने सांगितलं, की तिकडे एक परीक्षा द्यायची, चार कंपन्यांच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्ट मॅनेजर म्हणून नाव लावायचं आणि घरबसल्या महिन्याला पैसे घ्यायचे. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

परीक्षा खरी आहे, कामही खरं आणि कायदेशीर आहे. घरबसल्या नाव लावायची गोष्ट मात्र डोक्यातून काढून टाका. मी स्वतः इथे छोट्या गाडीवाल्यांसाठी बाहेरून हेच काम करते, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

इथे साडेतीन टनांपेक्षा जास्त वजनाची मालगाडी धंद्यासाठी चालवायची तर ऑपरेटर लायसन्स लागतं. दुसऱ्याचा माल भाड्याने नेणाऱ्याला स्टँडर्ड लायसन्स घ्यावं लागतं आणि त्यावर पात्र ट्रान्सपोर्ट मॅनेजर असावाच लागतो. पात्र म्हणजे लेव्हल ३ ची सीपीसी, म्हणजे या कामाच्या व्यावसायिक पात्रतेची परीक्षा पास झालेला. ज्याच्या दोन-चार गाड्या आहेत आणि जो स्वतःच स्टिअरिंगवर बसतो, त्याला पूर्णवेळ मॅनेजर परवडत नाही. म्हणून तो बाहेरचा, अर्धवेळ मॅनेजर नेमतो. अशा बाहेरच्या माणसाला जास्तीत जास्त चार ऑपरेटर, म्हणजे लायसन्सवाले मालक, आणि सगळ्यांच्या मिळून ५० गाड्या घेता येतात. ही लायसन्सं देणारे आणि काढून घेणारे अधिकारी म्हणजे ट्रॅफिक कमिशनर; ते ही मर्यादा कमीही करू शकतात. फक्त स्वतःचा माल नेणाऱ्याला, उदाहरणार्थ विटा-वाळू विकणाऱ्या दुकानदाराला, रिस्ट्रिक्टेड लायसन्स पुरतं. त्याला मॅनेजर ठेवायची कायद्याने सक्ती नाही. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक भाड्याने माल नेणारा छोटा मालकच.

आता मुख्य मुद्दा. गाड्यांवर तुमची सतत आणि परिणामकारक देखरेख हवी, असं कायदा म्हणतो. काही बिघडलं तर मालकाबरोबर तुम्हालाही ट्रॅफिक कमिशनरपुढे सुनावणीला बोलावतात. तुम्ही नावापुरते होता असं दिसलं तर तुमची पत जाते आणि अपात्र ठरवतात, तेही फक्त त्या एका लायसन्सवर नाही, सगळ्याच लायसन्सवर. एका मालकाच्या ढिलाईपायी चारही ठिकाणचं काम बंद.

हे इतकं कडक का, ते बाथ शहरातल्या अपघातावरून कळतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या एका तीव्र उतारावर डंपरचे ब्रेक निकामी झाले आणि चार जणांचा जीव गेला. त्यात चार वर्षांची एक मुलगी होती. खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला. शिक्षा झाली ती कंपनीच्या मालकाला आणि मेकॅनिकला, मनुष्यवधाच्या गुन्ह्याखाली. आपल्याकडे चोर्ल्याच्या किंवा अणमोडच्या घाटात ब्रेक गेले की पहिला हात ड्रायव्हरच्या कॉलरला जातो. इथे आधी कागद मागतात: ब्रेक शेवटचे कधी तपासले, कुणी तपासले, दोष सापडला तर दुरुस्तीची सही कुणाची? मला ही पद्धत मनापासून पटते. आमच्याही घरी गाड्या होत्या, बेळगावच्या उद्यमबागेतला माल गोव्याला जायचा. रात्री गाडी घाटात असली की आई जागी असायची.

आता कामाचं सांगते. दर आठवड्याला प्रत्येक यार्डात प्रत्यक्ष जायचं. ड्रायव्हर रोज गाडी काढण्याआधी चारी बाजूंनी फिरून तपासणी करतो आणि दोष नसला तरी तसं लिहून देतो. ते कागद चाळायचे. महिनोन्महिने एकही दोष लिहिलेला नसेल तर समजायचं, कोणी तपासतच नाही. गाडीची सुरक्षा तपासणी ठरलेल्या अंतराने, बहुतेक ठिकाणी सहा ते आठ आठवड्यांनी होते. तिच्या नोंदी १५ महिने ठेवायच्या, ब्रेक टेस्टचा कागद जोडलेला आहे का बघायचं. टॅकोग्राफ हे यंत्र ड्रायव्हर किती वेळ चालवत होता ते नोंदवतं. त्याचा डेटा ड्रायव्हरच्या कार्डावरून २८ दिवसांच्या आत आणि गाडीतून ९० दिवसांच्या आत उतरवायचा, मग चुका शोधून ड्रायव्हरला समोर बसवून समजवायचं आणि त्याची सही घ्यायची.

यातलं सगळ्यात अवघड तुम्हाला तासांचं जाईल. निपाणीहून बेंगळूर पाचशे किलोमीटरच्या वर. आपला ड्रायव्हर रात्रीत मारतो, सकाळी माल उतरवतो आणि परतीचं भाडं मिळालं की लगेच निघतो. इथे साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला नऊ तास, आठवड्यात दोनदाच दहा. रोज ११ तास विश्रांती, तीही आठवड्यात तीनदाच नऊवर आणता येते. दोन आठवड्यांत मिळून ९० तासांच्या वर चाक फिरवायचं नाही. मालक म्हणेल, "आजचा दिवस जाऊ दे, गिऱ्हाईक तुटेल." तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे. वयाने मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जड जातं, पण या कामाचा पगार त्यासाठीच आहे.

म्हणून करार लेखी हवा. आठवड्याचे तास, यार्डात यायचे दिवस, सगळी कागदपत्रं बघायचा हक्क आणि नादुरुस्त गाडी जागेवर उभी करायचा अधिकार त्यात स्पष्ट लिहून घ्या. "सही तेवढी करा, बाकी आम्ही बघतो" म्हणणाऱ्याकडून कितीही पैसे मिळत असले तरी उठून या.

व्हिसाच्या बाबतीत तुम्ही सुदैवी आहात. नर्सच्या जोडीदाराला नोकरी करता येते आणि स्वतःचा धंदाही. हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र लक्षात घ्यावं, स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. धंद्यातली वर्षाची उलाढाल हजार पौंडांच्या वर गेली की कर खात्याकडे नोंदणी करावी लागते. व्यावसायिक जबाबदारीचा विमाही घ्या.

लॉरी चालवायचं लायसन्स या कामाला लागत नाही. तुमचा निपाणीचा अनुभव कागदावर धरत नाहीत, पण गाडी उभी राहिली की मालकाच्या पोटात काय होतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि ते परीक्षा देऊन येत नाही. तरी आल्या आल्या बाहेरच्या मॅनेजरचं काम धरू नका. आधी वर्षभर एखाद्या यार्डात ट्रान्सपोर्ट क्लार्क किंवा प्लॅनर म्हणून पगारी नोकरी करा. दरम्यान परीक्षा द्या, मग एकच छोटा मालक घ्या. तो नीट सांभाळता आला की दुसऱ्याचा विचार.

निघायला वेळ आहे तोवर डीव्हीएसएची (इथल्या गाड्यांच्या तपासणीचं सरकारी खातं) गाडी सुस्थितीत ठेवण्याविषयीची मार्गदर्शिका इंटरनेटवर फुकट मिळते, ती वाचा. आणि चुलत्यांच्या एका लॉरीवर तिच्याप्रमाणे रोजची तपासणी लिहायला लावून बघा, ड्रायव्हरकडून आणि क्लीनरकडूनही. दोन महिन्यांचे कागद जमले की मला फोटो पाठवा, कुठे काय सुटलं ते मी सांगते.